परकराच्या शिवणीतले टोमॅटो

टास्मानियातल्या आमच्या डन्स टिअर गावात टोमॅटोचं रोप हॉबर्टच्या जत्रेच्या सुट्टीला लावतात. ऑक्टोबर संपत आलेला असतो, म्हणजे आमच्याकडचा वसंत. त्याच्या आधी लावलं तर दव गोठून रोप मरतं, आणि नंतर लावलं तर लोक नावं ठेवतात. यातल्या पहिल्या गोष्टीला गावात फारसं कुणी भीत नाही.

हॉबर्टला त्या दिवशी जत्रा असते. बक्षिसाची मेंढरं, लाकूड तोडायच्या शर्यती, साखरेचे गुलाबी पुंजके, सगळं काही. पण आमच्या रस्त्यावरची माणसं जत्रेला जात नसत. ती आमच्या फाटकाशी येत. फाटकाबाहेर सफरचंदाची एक पेटी उलटी ठेवलेली असे. तिच्यावर दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत टोमॅटोची रोपं मांडलेली असत, आणि पेटीमागे माझी बायको एल्वा उभी असे. घरटी एक रोप, फुकट. एल्वा देत असे आणि मी बोलत असे. कामाची ही वाटणी आमच्या संसारात बाकी ठिकाणीही हीच होती.

मी बोलायचो ती गोष्ट अशी. एल्वाची आजी स्कॉटलंडहून बोटीने इथे आली, तेव्हा तिने या टोमॅटोचं बी परकराच्या शिवणीत शिवून आणलं. बंदरावर अधिकाऱ्याने पेटारे उघडले, टोपल्या उपड्या केल्या, पण परकर उसवायची काही त्याला हिंमत झाली नाही. त्या बियांपासून दरवर्षी बी धरत धरत हे वाण आमच्यापर्यंत आलं. बाजारात मिळणार नाही, मागितलं तरी मिळणार नाही. मी जन्मभर मेंढ्यांचे लिलाव पुकारले आहेत. लंगडी मेंढी विचारी आहे म्हणून विकलेली आहे. त्यामुळे आजीच्या गोष्टीत दर वर्षी एखादं वादळ किंवा एखादा अधिकारी वाढला, तर त्यात माझा दोष नाही, धंद्याचा आहे.

एल्वा एप्रिलमध्ये गेली. मळ्यातले शेवटचे हिरवे टोमॅटो खिडकीत पिकायला मांडलेले होते, ते तिच्यानंतर पिकले.

पहिले काही आठवडे लोक मटणाच्या रश्श्याची भांडी घेऊन आले. मग भांडी परत न्यायला आले. भांडी संपली आणि फाटकाचं कामही संपलं. त्यानंतर आत यायचा तो फक्त शेजारच्या मर्वचा कुत्रा. त्याचाही ओढा माझ्याकडे नव्हता, कोंबड्यांच्या खाद्याकडे होता. मी घरात मोठ्याने बोलायची सवय सोडली, कारण आवाज भिंतीवर आपटून परत यायचा आणि आपलंच बोलणं आपल्यालाच ऐकवायचा. लिलाव पुकारणाऱ्याला समोरून एक बोट वर झालं तरी पुरतं. घरात बोट वर करणारंच कुणी नव्हतं.

ऑगस्टमध्ये, डोंगरावर अजून बर्फ असताना, एका सकाळी चहा ओतता ओतता माझ्या मनात आलं की ऑक्टोबरात जत्रेची सुट्टी येईल, लोक फाटकाशी येतील आणि पेटी रिकामी असेल. मग पुढच्या वर्षी ते येणार नाहीत. कशाला येतील? मी काही रोप नाही. तेव्हाच ठरवलं की काही झालं तरी पेटीवर रोपं हवीत. एल्वाने बी ठेवलेलं मला माहीत होतं. ताटाळ्याच्या वरच्या फळीवर मोहरीच्या पुडीचा जुना पिवळा डबा होता, आणि त्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आजीचे'.

आधी वाफा. एल्वाने मार्चमध्ये त्यात ओट पेरले होते. थंडीभर जमीन उघडी राहू नये, आणि वसंताच्या आधी ते हिरवं जमिनीत गाडलं की खत व्हावं, म्हणून. ते आता गुडघ्याएवढे झाले होते. तिने पेरलेली आणि अजून वाढत असलेली तेवढीच एक गोष्ट. मला ती गाडवेना. दोनदा फावडं घेऊन गेलो आणि दोनदा कोंबड्यांकडे बघून परत आलो.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कुंपणापलीकडे मर्व उभा होता. मर्व जन्मभर लोकर कातरण्याचं काम करून कमरेतून वाकलेला आहे, त्यामुळे तो उभा असला तरी काहीतरी शोधतोय असं वाटतं.

"काय रे डेस, शेती करतोयस?"

"नाही, व्यायाम."

"फावडं उलटं धरलंयस."

"मी डावखुरा आहे."

"तू डावखुरा नाहीस लेका, तू आळशी आहेस. वाफा खणतोयस की थडगं? इतकं खोल कोण खणतं?"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. तो कुत्र्याकडे बघू लागला. कुत्रा माझ्याकडे बघू लागला. मी मातीकडे बघत खणत राहिलो. दुपारी मर्व त्याच्या शेडखालच्या लेंड्यांची पाच पोती कुंपणावरून अलीकडे टाकून गेला. आमच्याकडे माफी मागायची हीच पद्धत आहे. वर्षानुवर्षं मेंढ्या उभ्या राहिलेल्या शेडखालची वाळलेली लेंडी फार मोलाची असते. आधी आणून ठेवली असती तर मी त्याच्या अशा आणखी चार गोष्टी ऐकून घेतल्या असत्या.

ओट गाडले. लेंड्या मिसळल्या, चुना भुरभुरला, वर वाटाण्याचं काड पसरलं. वॉलबी, म्हणजे छोटा कांगारू, आत शिरू नये म्हणून जाळी खाली वाकवून पुरली. लसणाचा कोपरा रिकामाच राहिला. लसूण वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, जूनमध्ये, लावायचा असतो, आणि या वर्षी त्या दिवशी मी काय करत होतो ते मला आठवत नाही. बहुतेक खुर्चीत होतो.

मग बी. कुंडीतल्या मातीत बोटाने खळगे केले, बी टाकलं, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवलं. एल्वा तिथेच ठेवायची, आणि उगवलं की काचेच्या खोलीत उन्हाला न्यायची. रोज सकाळी शेगडी पेटवण्याच्या आधी जाऊन बघायचो. माती. दुसऱ्या दिवशीही माती. मी कपाटासमोर उभा राहून पुकारू लागलो, "चला, पहिला कोण? समोरचे, लाजू नका. पहिला कोण?" कुणी बोट वर केलं नाही.

वाटलं पाणी जास्त झालं. पुन्हा पेरलं, पाणी बेताने दिलं. काही नाही. तिसऱ्या खेपेला तर मी रात्री कपाटाचं दार बंद करावं की उघडं ठेवावं यावर एल्वाशी वाद घातला आणि हरलो. तेही उगवलं नाही. डब्यात तळाशी चिमूटभर बी उरलं. ते मी पेरलं नाही. पेरलं असतं आणि नसतं उगवलं, तर मग डब्यात काहीच उरलं नसतं.

तोवर ऑक्टोबर लागला होता. एकदा मर्वने विचारलं, "रोपं कशी आहेत?"

"झकास."

"दिसत नाहीत काचेच्या खोलीत."

"नजर लागू नये म्हणून आत ठेवलीत."

"कुणाची नजर?"

"तुझी."

म्हणजे आता माघारही बंद झाली. मग मी ते केलं जे कुठलाही जुना लिलाववाला करेल. माल नसला तर दुसऱ्याचा आणायचा आणि आपला म्हणून उभा करायचा. आमच्या गावापासून दोन गावं सोडून एक नर्सरी आहे. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. माझी गाडी मात्र अख्खा जिल्हा ओळखतो, म्हणून मी एल्वाची छोटी पिवळी गाडी काढली. खूप दिवसांनी तिला चालू केलं. सीटवरच्या मेंढीच्या कातड्यावर तिच्या बसण्याचा खळगा होता. मी जरा कडेला बसून चालवली.

नर्सरीच्या अंगणात गाडी थांबते न थांबते तोच आतून एक बाई हात पुसत धावत आली. तिशी-पस्तिशीची, पायात चिखलाचे बूट.

"एल्वा! यंदा इतका उशीर..." आणि मला बघून थांबली. "ओह. तुम्ही डेस का?"

दोन गावं सोडून आलेल्या माणसाला हे ऐकायला आवडत नाही. मी टोपी काढली.

"एल्वा नाही आल्या?"

"नाही," मी म्हटलं. "एप्रिलमध्ये गेली."

 तिने हात पुन्हा पुसले, पुसलेलेच. मग म्हणाली, "या, आत या. त्यांचे दोन ट्रे मी बाजूला ठेवलेत."

"कोणाचे?"

"एल्वांचे. नेहमीचे. बिनपाटीचे."

काचेच्या शेडमध्ये, मागच्या बाजूला, बाकी सगळ्या रोपांत नावाच्या पट्ट्या खोचलेल्या होत्या. फक्त दोन ट्रेमध्ये नव्हत्या. टोमॅटोची रोपं, वीतभर उंचीची, खोडावर ती बारीक लव. मी ती दर ऑक्टोबरला बघत आलो होतो. आजीची लव म्हणून मी तिचीही एक गोष्ट सांगायचो.

"किती वर्षांपासून नेते?" 'नेते' म्हणालो, 'न्यायची' नाही.

"मी इथे बघायला लागले त्याच्या आधीपासून. आईच्या वेळेपासून असणार. पाट्या खोचू नका एवढंच सांगायच्या. आई म्हणायची, त्या बाईंना पाट्यांचं वावडं आहे." ती जरा हसली. "तुम्हाला माहीतच असेल म्हणा."

"अर्थात," मी म्हटलं. धंद्यात असताना मी याहून पडत्या मालावर याहून सरळ चेहरा ठेवलेला आहे.

"कुठलं वाण आहे?" निघताना विचारलं.

"हे? साधंच. थंडीतलं. सगळे हेच नेतात."

परत येताना गाडीत मागच्या सीटवर दोन ट्रे हलत होते आणि गाडीभर टोमॅटोच्या पानांचा वास सुटला होता. मला राग यायला हवा होता. मी तो शोधलाही, पण त्या अरुंद रस्त्यावर समोरून लाकडाचे ट्रक येत होते आणि तेवढी सवड मिळाली नाही. एकच विचार घोळत राहिला. तिने ही गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली, आणि मी रोज तिच्या समोर बसून जेवत होतो. घरात एकटं असणं मला एप्रिलपासून चांगलं ठाऊक झालं होतं. ती घरात असतानाही एखाद्या कोपऱ्यात मी एकटाच होतो, हे नवीन होतं.

पण एक गोष्ट सरळ होती. रस्त्यावर हे कुणाला कळता कामा नये. मी खोटा पडलो तरी हरकत नाही, मला सवय आहे. एल्वाचं नाव खराब व्हायला नको. आता पेटीवर रोपं मांडायची ती माणसं यावीत म्हणून, आणि त्या माणसांना संशय येऊ नये म्हणूनही.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मी काचेच्या खोलीत पडदे ओढून बसलो आणि रोपं एकेक करून दुधाच्या खोक्यांत लावली. ट्रे फोडून शेगडीत घालणार होतो, पण जळक्या प्लॅस्टिकचा वास मर्वच्या नाकापर्यंत गेला असता, म्हणून कोंबड्यांच्या घराखाली पुरले. माणूस मारला असता तरी एवढी काळजी घेतली नसती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी पेटी उलटी केली, खोकी मांडली, लिलावाची जुनी रुंद काठाची टोपी घातली आणि उभा राहिलो. समोरचा रस्ता रिकामा. एल्वा उभी असायची त्या जागेवर मी उभा होतो आणि मी उभा असायचो ती जागा मोकळी होती. कुठे बघावं कळेना. शेवटी रोपांकडे बघत राहिलो.

सगळ्यात आधी उना आली. उना पूर्वी गावचं पोस्ट सांभाळायची. अजूनही कुणाशी बोलताना तिकीट चिकटवल्यासारखा अंगठा दाबते. मग तिच्या मागोमाग बाकीचे. चौकातल्या घरातलं नवरा-बायकोचं जोडपं, चर्चची पेटी वाजवणारी थोरली मिस बर्डन आणि धाकटी मिस बर्डन, जिची आता सत्तरी उलटली आहे. कुत्र्यासकट मर्वही. सगळे आले. मी टोपी सरळ केली आणि बोलायला लागलो. आवाज किती महिन्यांनी बाहेर निघाला होता, आधी फाटला, मग लागला.

"या, या. एल्वाच्या आजीचं वाण. स्कॉटलंडहून, परकराच्या शिवणीतून! बोट अशी हलत होती की कप्तानाला उलटी झाली, पण आजीने परकर काही सोडला नाही..."

लोक हसले. तशीच मान खाली घालून हसले, जशी दर वर्षी हसत. धाकटी मिस बर्डन म्हणाली, "डेस, मागच्या वर्षी तर उलटी अधिकाऱ्याला झाली होती."

"दोघांना झाली. बोटच तशी होती."

रोपं जाऊ लागली. प्रत्येकजण दोन मिनिटं थांबत होता, हवेबद्दल बोलत होता, माझ्या वाफ्याकडे मान वळवून बघत होता. उना मात्र गेली नाही. सगळ्यांत शेवटी तिने एक खोकं उचललं, फिरवून बघितलं आणि माझ्याजवळ सरकून हळू म्हणाली,

"डेस, पुढच्या वर्षी खोक्याला बाहेरून थोडी ओली माती लाव. एल्वा लावायची. नाहीतर कालच भरलीत हे दुरून दिसतं."

मी तिच्याकडे बघितलं. तिने अंगठा पेटीवर दाबला.

"म्हणजे तुला..."

"सगळ्यांनाच."

"कधीपासून?"

"ते वर्ष नाही का, तो मांजराएवढा पॉसम शिरला होता तुमच्या काचेच्या खोलीत, धुराड्याच्या फटीतून. एका रात्रीत सगळी रोपं खाल्ली त्याने. डब्यात जे जुनं बी होतं ते उगवेना. एल्वा माझ्या पोस्टात येऊन रडली, टपालाच्या पिशव्यांवर बसून. मग आम्ही नर्सरीतून आणली. बर्डन बहिणी आणि मी खोकी भरायला यायचो. तू त्या दिवशी बाजारात असायचास."

"आणि तुम्ही सगळे इथे उभं राहून दर वर्षी माझी गोष्ट ऐकत होतात?"

"हो तर."

"मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

उनाने खोकं छातीशी धरलं. "मी म्हटलं होतं तिला, सांगून टाक म्हणून. ती म्हणाली, नको. म्हणाली, तो गोष्ट सांगतो ना, ती मला ऐकायची असते. खरं कळलं तर सांगणार नाही."

मग ती म्हणाली, "आज कप्तानाची उलटी नवीन होती. तिला आवडली असती."

आणि गेली.

मी पेटी सुलटी केली, उचलली आणि आत आणली. वाफ्यापर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं की सगळी रोपं देऊन झाली होती. स्वतःसाठी एकही ठेवलं नव्हतं. ऑगस्टपासून खणलेला, लेंड्या घातलेला, चुना भुरभुरलेला, जाळी पुरलेला वाफा, आणि त्यात फक्त वाटाण्याचं काड. तसाच बघत उभा होतो तोच कुंपणावरून एक खोकं आलं. खोक्यामागे मर्वचा हात होता.

"हे घे."

"तू नेलंस ना आत्ता?"

"मला टोमॅटो आवडत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे आवडत नाहीत. लहानपणापासून. बियांमुळे गिळवत नाही."

"अरे, मग इतकी वर्षं न्यायचास ते?"

"मेंढ्यांना घालायचो. त्यांनाही विशेष आवडत नव्हते." मर्वने वर डोंगराकडे बघितलं, म्हणजे वाकलेल्या माणसाला जेवढं बघता येतं तेवढं. "एल्वा हातात द्यायची, नको कसं म्हणणार? आज तू दिलंस. तुला नको म्हणणं सोपं आहे."

"उपकार झाले."

"आणि आज दव गोठणार आहे. आभाळ बघ, एक ढग नाही. तुम्ही टोमॅटोवाले जत्रा जत्रा करता, दवाला कुणी कळवत नाही वाटतं?"

तो घरात गेला. त्याच्या धुराड्यातून धूर निघू लागला.

मी गुडघ्यावर बसलो आणि ते रोप वाफ्याच्या मधोमध लावलं. चार बाजूंना इतकी माती होती की रोप चुकून तिथे पोचल्यासारखं दिसत होतं. माती दाबली, पाणी घातलं. मग मोहरीचा डबा आणला. त्यातलं चिमूटभर बी उगवणार नाही, हे आता मला पक्कं माहीत होतं. तरी ते रोपाच्या शेजारी पेरलं आणि वरून काड ओढलं.

सूर्य डोंगराआड गेला तसा गारठा अंगात शिरू लागला. रोपावर झाकायला काही हवं होतं. घरात जुने पडदे होते, पण ते काढायला आत जावं लागलं असतं. मी डोक्यावरची टोपी काढून रोपावर ठेवली. रुंद काठाची, एल्वाने घेऊन दिलेली, जी घालून मी अर्ध्या टास्मानियाच्या मेंढ्या विकल्या होत्या. ती बरोबर बसली.

कान गार पडले होते. पण एवढी मेहनत करून समोर एक श्रोता बसवला आहे आणि त्याला काहीच सांगायचं नाही, हे बरं दिसेना. मी इकडे तिकडे बघितलं, मर्वच्या खिडकीत कुणी नव्हतं. मग टोपीजवळ वाकून सुरुवात केली.

"तर एल्वाची आजी स्कॉटलंडहून निघाली..."